आपल्याकडे साइट उघडते, चीनमधल्या स्वयंसेवकांकडे उघडत नाही: काय आणि कसे तपासायचे

"ताई, आज पुन्हा पांढरं पान."

आमच्या भाषांतराच्या गटावर हा निरोप महिन्यातून दोन-तीनदा तरी यायचा, कधी शांघायहून, कधी हांगझोऊहून. मी सोलापुरात साइट उघडून बघायचे. ती लगेच उघडायची. मग मी लिहायचे, "इथे व्यवस्थित चालू आहे, थोड्या वेळाने पुन्हा बघा." थोड्या वेळाने ती कधी उघडायची, कधी नाही. दीड वर्ष हे असेच चालले. शेवटी मी स्वतः गेले, स्वयंसेवकांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याच फोनवर सगळे पाहून आले. आमच्यासारख्या लहान संस्थेची साइट सांभाळणाऱ्या कुणालाही हीच तक्रार येत असेल, तर माझे दीड वर्ष गेले तसे त्यांचे जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमची संस्था मुलांसाठी सचित्र गोष्टी तयार करून साइटवर मोफत ठेवते. चिनी भाषांतराचे काम आठ जण करतात. त्यांत शांघायमध्ये नोकरी-संसार असलेल्या दोन मराठी ताई आहेत, बाकीचे हिंदी शिकणारे चिनी विद्यार्थी. सध्या हातात असलेली गोष्ट डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आहे. सोलापूरकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी: १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले, तिथेच जखमी सैनिकांची सेवा करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. आमच्या गटातली एक विद्यार्थिनी मूळची त्याच शहरातली, सध्या हांगझोऊला शिकते. कोटणीसांना ती लहानपणापासून त्यांच्या चिनी नावाने ओळखते: के दिहुआ. तिने या गोष्टीचे भाषांतर आमच्या साइटवर तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा ते गेले. तिने तक्रार केली नाही, फक्त "चौथ्यांदा लिहिते" असे कळवले. त्या दिवशी मी व्हिसाचा अर्ज भरला.

आधी हे बघा: तुम्ही नेमके कुठून बघताय?

शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरल्यावर मी भारतीय सिमच्या रोमिंगवर साइट उघडली. उघडली. गूगल उघडले, जीमेल उघडले, व्हॉट्सॲपवरून घरी निरोप गेला. दीड वर्षाच्या तक्रारी खोट्या वाटाव्यात इतके सगळे सुरळीत.

पण खूण तिथेच होती. चीनच्या मुख्य भूमीत फेसबुक २००९ पासून, जीमेल २०१४ च्या अखेरीपासून आणि व्हॉट्सॲप २०१७ पासून बंद आहे. यातले जीमेल आणि व्हॉट्सॲप माझ्या फोनवर चालत होते, म्हणजे मी चीनच्या इंटरनेटवर नव्हतेच. रोमिंगमध्ये फोन तिथल्या टॉवरला जोडलेला असतो, पण डेटा आधी आपल्या भारतीय कंपनीच्या जाळ्यात परत येतो आणि तिथून बाहेर पडतो. शांघायमध्ये उभी राहून मी भारतातूनच साइट बघत होते. प्रवाशांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच ई-सिमचेही असेच असते. त्यांचा डेटा हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे जातो. "मी चीनला गेलो होतो तेव्हा आपली साइट छान उघडत होती" असे कुणी सांगितले तर पहिला प्रश्न हाच विचारा: सिम कुठले होते?

खात्री करायचा सोपा मार्ग आहे. बायडू या चिनी शोधयंत्रावर रोमन लिपीत आयपी ही दोन अक्षरे टाकून शोधा. सर्वात वर तुमचा आयपी पत्ता आणि तो कुठला आहे ते दिसते. तिथे शांघाय किंवा झेजियांग (हांगझोऊचा प्रांत) दिसत नसेल, तर तुमची तपासणी निरुपयोगी आहे.

तिथले सिम पासपोर्टवर मिळते. दुकानात जावे लागते, पासपोर्टची नोंद होते आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. मी दोन फोन ठेवले. एकात भारतीय सिम, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो आणि अलीपेला (तिथले पैसे देण्याचे ॲप) आपले कार्ड जोडायचे तर तो लागतोच. दुसऱ्यात तिथले सिम, फक्त तपासणीसाठी. कार्ड जोडायचे काम घरून निघण्यापूर्वीच करा आणि कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवा. एका वेळी २०० युआनच्या वर खर्च केला तर परदेशी कार्डावर ३ टक्के जादा कापले जातात, तेही लक्षात असू द्या. स्टेशन आणि कॅफेमधल्या मोफत वायफायला बहुतेक ठिकाणी तिथला मोबाइल नंबर लागतो, त्यामुळे त्या सिमचा तिथेही उपयोग झाला.

तुमचा एकच फोन पुरत नाही. चीनमध्ये मोबाइलच्या मोठ्या कंपन्या तीन: चायना मोबाइल, चायना युनिकॉम, चायना टेलिकॉम. एकीवर उघडणारे पान दुसरीवर अडते. ज्यांचे काम अडले आहे त्यांच्याच फोनवर बघणे हाच खरा उपाय. शांघायच्या ताईंच्या घरी मी दोन दिवस राहिले, तेव्हा त्यांच्या घरातच तिन्ही कंपन्यांची सिमे निघाली. (हॉटेलात न उतरता कुणाच्या घरी राहणार असाल तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. ताईंनी मला पोहोचल्या पोहोचल्या, सामान न उघडताच, नेले.)

"व्हीपीएन लावा" हे उत्तर देऊ नका

आम्ही ते दिले होते, आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. व्हीपीएन म्हणजे दुसऱ्या देशातून वाट काढून देणारे सॉफ्टवेअर, आणि तिथे परवानगीशिवायचे व्हीपीएन कायदेशीर नाही. आपण सोलापुरात, पुण्यात बसून दोन शब्दांत सल्ला देतो आणि त्याचा भार तिथे राहणाऱ्या, तिथे शिकणाऱ्या मुलामुलींवर पडतो. फुकट वेळ देणाऱ्या माणसाला आपली साइट उघडण्यासाठी धोका पत्करायला सांगणे बरोबर नाही. शिवाय व्हीपीएन लावले की दोष झाकला जातो, आपल्याला कधी दिसतच नाही. आमची साइट अडत होती ती बंदीमुळे नव्हे. तिच्यावर कुणी बंदी घातलेलीच नव्हती. दोष आमच्या पानांत होता.

घड्याळ लावून बघा

हे सगळ्यात उपयोगी पडले. हांगझोऊला त्या विद्यार्थिनीच्या विंडोज लॅपटॉपवर मी साइट उघडायला सांगितली आणि फोनवर घड्याळ लावले. पांढरे पान. मग २१ सेकंदांनी एकदम सगळे पान आले. पुन्हा उघडले, पुन्हा २१. दुसरे पान उघडले तर ४२. तिसऱ्यांदा तिनेच चिनीत आकडे मोजायला सुरुवात केली, आणि ती बरोबर एकविसावर थांबली तेव्हा पान आले.

इंटरनेट मंद असते तेव्हा आकडा दर वेळी बदलतो, कधी ८, कधी १४, कधी ३०. आकडा दर वेळी तोच येत असेल किंवा त्याच्या पटीत येत असेल, तर ते मंद इंटरनेट नाही. ब्राउझर कुणाची तरी वाट बघतो आहे, तो येणार नाही, आणि ठरलेल्या वेळानंतर संगणक नाद सोडतो. त्या लॅपटॉपवर ही मुदत २१ सेकंदांची होती. फोनवर ती बरीच जास्त निघाली, तोवर माणूस कंटाळून खिडकी बंद करतो. "फोनवर उघडतच नाही, लॅपटॉपवर कधीकधी उघडते" या जुन्या तक्रारीचा उलगडा इथे झाला.

वाट कुणाची बघतो आहे, हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर लगेच दिसते. आमच्या पहिल्याच पानावर बाहेरून येणाऱ्या सहा गोष्टी होत्या: वाचक मोजणारी गूगलची स्क्रिप्ट (पानाबरोबर चालणारा छोटा कार्यक्रम), माणूस की यंत्र हे तपासणारे गूगलचे रीकॅप्चा, यूट्यूबची चौकट, फेसबुकचे बटण, देणगी घेणाऱ्या कंपनीची स्क्रिप्ट आणि एका मोफत वितरण जाळ्यावरून (सीडीएन) येणारा जेक्वेरी हा तयार कोडचा संच. यातल्या दोन स्क्रिप्ट पानाच्या अगदी वरच्या भागात, असिंक किंवा डिफर ("हिच्यासाठी थांबू नको" असे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा) न लावता घातलेल्या. ब्राउझर पान वरून खाली वाचतो, अशी स्क्रिप्ट भेटली की ती येईपर्यंत पुढे काही दाखवत नाही. आपल्याकडे ती डोळ्याचे पाते लवण्याआधी येते म्हणून कळतच नाही. चीनमधून मात्र गूगल-फेसबुकसारख्या बंद असलेल्या ठिकाणी पाठवलेली विनंती मध्येच गिळली जाते, नकारसुद्धा परत येत नाही. नकार आला असता तर ब्राउझर लगेच पुढे गेला असता.

आम्ही काय केले ते सांगते. जेक्वेरी आणि फाँट आमच्या सर्व्हरवर आणून ठेवले. देवनागरी फाँट नीट छाटून घेतला तर हलका होतो, पण चिनी फाँटच्या वाटेला जाऊ नका. हजारो अक्षरे असल्यामुळे तो कित्येक एमबींचा होतो. चिनी मजकुरासाठी वाचणाऱ्याच्या फोनमधलाच फाँट वापरा, तो उत्तम असतो. वाचक मोजणारी स्क्रिप्ट काढून टाकली. सर्व्हरच्या नोंदींवरून जेवढे कळते तेवढे आम्हाला पुरते. यूट्यूबच्या चौकटीऐवजी एक चित्र आणि खाली आमच्याच सर्व्हरवरची लहान चित्रफीत. रीकॅप्चा गूगलच्या नेहमीच्या पत्त्याऐवजी रीकॅप्चा डॉट नेट या पत्त्यावरून घेता येते, तशी सोय गूगलनेच दिली आहे. आम्ही आधी तेही केले, पण मग ते काढूनच टाकले आणि अर्जात माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला. यंत्रे तो भरतात, माणसे भरत नाहीत. आमच्याएवढ्या साइटला एवढा बंदोबस्त पुरतो. "गूगलने प्रवेश करा" हे बटण गेले, ईमेल आणि पासवर्ड आला.

हा त्रास पुन्हा पुन्हा का उलटतो?

कारण आपण एकदा साफ करतो आणि तीन महिन्यांनी कुणीतरी नवे प्लगइन टाकते. त्याच्याबरोबर बाहेरची आणखी एक स्क्रिप्ट येते, आपल्याकडे काहीच बिघडत नाही. कधी आपण काही न करताही बिघडते. जेएसडेलिव्हर हे मोफत वितरण जाळे चीनमध्ये उत्तम चालायचे, म्हणून अनेकांनी तेच वापरावे असा सल्ला दिला होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा तिथला परवाना गेला आणि त्यावर विसंबलेली पाने अडखळू लागली.

यावर मला सापडलेला टिकाऊ उपाय एकच. सर्व्हरवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानात काय कुठून येऊ द्यायचे हा ब्राउझरला दिलेला नियम) लावून टाका: स्क्रिप्ट, फाँट, चित्रे, सगळे फक्त आपल्याच पत्त्यावरून. मग कुणी बाहेरचे काही घातले तर ते सोलापुरातच, त्याच क्षणी, त्याच्याच डोळ्यांसमोर बंद पडते. जे तिथे मोडणार आहे ते इथे आधी मोडले पाहिजे. हे लावल्यापासून "पांढरे पान" हा निरोप एकदाही आलेला नाही.

घरबसल्या तपासायचे असेल तर आणखी एक युक्ती. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाला कुठला पत्ता हे संगणक जिथे आधी बघतो) गूगल, फेसबुक, यूट्यूब यांचे पत्ते वळवून बघता येतात. पण बरेच जण ते स्वतःच्याच संगणकावर, १२७.०.०.१ वर वळवतात, आणि तिथून तत्काळ नकार येतो, त्यामुळे पान झटकन उघडते आणि आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. १०.२५५.२५५.१ सारखा, जिथे कुणीच उत्तर देणार नाही असा पत्ता द्या. मग तिकडची खरी ताटकळ अनुभवाला येते. एकदा ती स्वतः अनुभवा, म्हणजे स्वयंसेवकांना "थोड्या वेळाने बघा" असे पुन्हा लिहवणार नाही.

चीनच्या वेगवेगळ्या शहरांतून साइट तपासून देणारी, नकाशावर हिरवे-लाल ठिपके दाखवणारी पाने आहेत. ती वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. ती बहुधा सर्व्हरचा पहिला प्रतिसाद तपासतात, पूर्ण पान नाही. आमचे ठिपके सगळे हिरवे होते.

चूक दाखवणारा संदेश आला तर तो नीट वाचा

स्वयंसेवकांना "उघडत नाही" एवढेच लिहू देऊ नका, पडद्याचा फोटो मागा. संदेश चिनीत असला तरी क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरमध्ये त्याखाली रोमन मोठ्या अक्षरांत एक सांकेतिक ओळ बहुधा असते. तिच्यात टाइम्ड आउट असेल तर विनंती गिळली गेली. रीसेट असेल तर मध्येच कुणीतरी जोडणी तोडली, आणि अशा वेळी लगेच पुन्हा पुन्हा दाबू नये, कारण तोडल्यावर काही काळ तीच जोडणी तुटतच राहते. दोन-तीन मिनिटे थांबून बघावे. प्रमाणपत्राची तक्रार असेल तर बहुधा नावाचा पत्ताच चुकीचा मिळाला आहे, डीएनएसने (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) भलत्याच दारात नेऊन सोडले आहे.

तुमची साइट एखाद्या मोफत सेवेच्या उपनावावर (सबडोमेनवर) असेल, तर आधी स्वतःचे नाव (डोमेन) विकत घ्या. शेजाऱ्याच्या साइटवर बंदी आली की तोच पत्ता वापरणारे सगळे त्यात सापडतात.

पान उघडते, पण भाषांतर जतन होत नाही

याच्यासाठीच मी गेले होते. त्या मुलीची तीन भाषांतरे कुठे गेली, हे मला सोलापुरातून कधीच कळले नसते.

हांगझोऊच्या एका चहाच्या दुकानात, काचेच्या पेल्यात लोंगजिंगची पाने तळाशी बसत होती आणि ती माझ्यासमोर लिहीत होती. कोटणीसांनी १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. गोष्टीतले ते वाक्य आले. चिनी लिहिणारा माणूस अक्षरे थेट टंकत नाही. तो उच्चार रोमन अक्षरांत टंकतो, मग खाली त्या उच्चाराच्या शब्दांची रांग दिसते आणि त्यातून हवा तो निवडतो. तिने यिनहुआ टंकले. रांगेत पहिला शब्द आला तो कापडावरच्या छपाईचा, उच्चार तोच. (चादरींच्या गावाहून गेलेल्या मला ते बघून भरून आले.) मुलाचे नाव पुढे, रांगेत मागे होते. ते शोधताना तिने एंटर दाबले.

आमच्या साइटवरच्या लेखन-सॉफ्टवेअरला एंटरचा एकच अर्थ माहीत होता: वाक्य संपले, जतन करा, पुढच्या वाक्यावर जा. शब्द निवडून व्हायच्या आधीच वाक्य जतन झाले, त्यात नावाच्या जागी नुसती रोमन अक्षरे, आणि पुढचे अर्धे वाक्य पुढच्या चौकटीत गेले. ती मागे गेली, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी "सादर करा" दाबले तर लाल अक्षरांत उत्तर आले: भाषांतर फारच छोटे आहे. पान ताजे झाले आणि सगळे गेले.

फारच छोटे का? कारण आमचा कार्यक्रम शब्द मोजायचा तो मोकळ्या जागांवरून. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. तिचा अख्खा परिच्छेद आमच्या हिशेबाने एक शब्द होता.

मी काही वेळ बोललेच नाही. दीड वर्ष आम्ही सर्व्हर बदलत होतो, आणि तिच्या तीन भाषांतरांवर पाणी फिरले ते आमच्याच दोन ओळींमुळे.

दुरुस्ती तशी लहान आहे. कळ दाबल्याची घटना हाताळताना शब्दनिवड चालू आहे का ते आधी विचारा. ब्राउझर इज-कंपोझिंग या गुणधर्मातून ते सांगतो. सफारीमध्ये घटनांचा क्रम वेगळा आहे, निवड संपल्याची घटना आधी येते, त्यामुळे तिथे की-कोड २२९ आहे का तेही बघावे लागते. दोन्ही तपासा. त्याहून बरे म्हणजे एंटरवर जतन करूच नका, आम्ही ते काढले. मोजायचे तर चिनीसाठी अक्षरे मोजा. आणि कुठलीही चूक दाखवताना लिहिलेला मजकूर पुसला जाणार नाही याची काळजी घ्या. ही शेवटची गोष्ट कुठल्याही भाषेला लागू आहे, पण फुकट काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला ती फार महत्त्वाची वाटते.

नोंदणीच्या अर्जातही असेच निघाले. आडनावाला किमान दोन अक्षरांची अट होती. ली, वांग, झांग ही आडनावे चिनीत एकेका अक्षराची. मोबाइलचा रकाना १० आकड्यांचा, तिथले नंबर ११ आकड्यांचे. एका विद्यार्थ्याने शेवटचा आकडा सोडून नोंदणी केली होती आणि आम्ही पाठवलेला ओटीपी त्याला अर्थातच कधी मिळाला नाही. आता आम्ही नंबर मागतच नाही, ईमेलवर दुवा पाठवतो. तिथे बहुतेकांचे ईमेल क्यूक्यू किंवा १६३ चे असते. एसपीएफ आणि डीकिम (पत्र खरोखर आपल्याकडूनच आले हे पटवणाऱ्या नोंदी) नीट लावा, आणि पहिल्या वेळी नको असलेल्या पत्रांचा कप्पा बघायला सांगा.

वीचॅटमधला दुवा

तिथे सगळे दुवे वीचॅट या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरूनच फिरतात, आणि ते वीचॅटच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे फाइल उतरवून घेण्यात अडचणी येतात आणि जुने पान बराच काळ साठून राहते. आम्ही दुरुस्त केलेले पान एका ताईंना दोन दिवस जुनेच दिसत होते. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायला सांगा, आणि फाइलींच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला म्हणजे जुन्या प्रती आपोआप सुटतात. स्वयंसेवकांसाठी गूगल फॉर्म किंवा गूगल डॉक्स अजिबात वापरू नका. साधा अर्ज आपल्याच साइटवर ठेवा.

सर्व्हर आणि कायदा

चीनच्या मुख्य भूमीत सर्व्हर ठेवायचा तर साइटची तिथल्या सरकारकडे आयसीपीची नोंद लागते, त्याला बेइआन म्हणतात, आणि त्यासाठी तिथे कायदेशीर अस्तित्व लागते. आमच्यासारख्या संस्थेने त्या फंदात पडू नये. हाँगकाँग किंवा सिंगापूरमध्ये सर्व्हर ठेवा, तिथे ती नोंद लागत नाही. आम्ही सिंगापूरला नेला.

याहून जास्त काळजीची गोष्ट वेगळी. परदेशी अशासकीय संस्थांसाठी चीनचा स्वतंत्र कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. संस्थेच्या नावाने तिथे उपक्रम करायचा तर प्रतिनिधी कार्यालयाची नोंदणी किंवा तात्पुरत्या उपक्रमाची रीतसर नोंद लागते. हा कारभार सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे आहे. तिथे देणग्या गोळा करता येत नाहीत, सभासद करता येत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी वकिलांना विचारून घेतले. कार्यशाळा नाही, फलक नाही, सभा नाही. एकेकाला किंवा दोघांना, मित्राला भेटावे तसे भेटले. साइटच्या चिनी पानांवरून देणगीचे बटण काढले, आणि त्याबरोबर पान अडवणारी एक स्क्रिप्टही गेली. तुम्ही जाणार असाल तर हे आधी करा, नंतर नाही. आपण दहा दिवसांनी परत येतो, ते तिथेच असतात.

जे अजून पूर्ण सुटलेले नाही

रात्रीची वेळ. विद्यार्थी आपला अभ्यास आटोपून रात्री आठ ते अकराच्या दरम्यान भाषांतराला बसतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. नेमकी याच वेळी तिथून देशाबाहेर जाणाऱ्या वाटांवर गर्दी असते. सकाळी पटकन उघडणारी साइट तेव्हा रेंगाळते, आणि इथे घड्याळातला आकडा दर वेळी वेगळा येतो, म्हणजे हे खरोखरच मंद इंटरनेट आहे. यावर आमच्या हातात फार काही नाही. चित्रे लहान केली. आणि लिहिलेला मजकूर दर काही सेकंदांनी ब्राउझरमध्येच साठवायला लागलो, म्हणजे जोडणी तुटली तरी लिहिलेले फोनवर राहते आणि इंटरनेट आले की आपोआप सर्व्हरवर चढते. गोष्टींच्या ध्वनिफिती अजून रात्री अडखळतात. कुणी यावर सिंगापूरच्या सर्व्हरवरूनच तोडगा काढला असेल तर मला कृपया कळवा.

मी परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेनऊला तिचा निरोप आला, "नेट गेलं, पण मजकूर दिसतोय." सकाळी उठून मी साइट पाहिली. तिच्याकडचे सहा वाजले तेव्हा मसुदा चढला होता. कोटणीसांची गोष्ट चिनीत पूर्ण होती, आणि मुलाचे नाव दोन्ही अक्षरांत बरोबर होते.